भोंग्याला कल्हई

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी कौसाआत्याचं नाव घेतो. कौसल्या, माझ्या बाबांची थोरली बहीण. ऐकणाऱ्याला जरा आश्चर्य वाटतं. घरातला पहिला पदवीधर, पुढे शाळेत शिक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस एखाद्या गुरुजींचं नाव घेईल, निदान ज्यांनी वाजवायला शिकवलं त्या किसन मास्तरांचं तरी घेईल, अशी लोकांची अपेक्षा असते. त्यांचं देणं माझ्यावर आहेच. पण आत्यानं माझ्यासाठी जे केलं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं, कारण दुसऱ्या कोणाला ते सुचलंच नसतं. किसन मास्तरांचा जुना पितळी भोंगा तिनं भर रस्त्यात कल्हईवाल्याच्या भट्टीवर चढवला.

आर्णीत आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. बाबा त्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की मशिनींची घरघर दिवसभर घरात यायची, आणि हंगाम संपून ती थांबली की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. रुईचे तंतू सगळीकडे असत, खुंटीवरच्या शर्टावर, आईच्या केसांत, कधी वरणातसुद्धा. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली आणि लहानग्या शोभाताईला कडेवर घेऊन भावाकडे आली. आल्या दिवसापासून चूल तिची झाली. आई शांत स्वभावाची, तिनं आनंदानं ती तिच्याकडे सोपवली. हिवाळ्यात आत्या तुरीच्या शेंगा मीठ घालून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकडायची, आम्ही सगळे अंगणात गोल बसून त्या सोलत खायचो आणि बोटं हिरवी करून घ्यायचो. रविवारी वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. रोडगा राखेतून काढून ती दोन्ही हातांत झेलत फुंकायची, तो फटफट आवाज मला अजून ऐकू येतो.

तेव्हा घराघरात स्टील यायला लागलं होतं, पण आत्याचा जीव पितळेत होता. पितळेत जीव, आणि पितळेचीच धास्ती. तिच्या सासरी एकदा कल्हई उडालेल्या गंजात कढी राहिली. ती कळकली आणि अख्खं घर ओकून ओकून आडवं झालं. तेव्हापासून कोणत्याही पितळी भांड्यात ती आधी डोकावून पाहायची, बोट फिरवायची, पिवळं दिसलं की ते भांडं बाजूला. गल्लीच्या तोंडाशी कादरभाई कल्हईवाल्यांची आरोळी आली की ती हातातलं काम टाकून निघायची. घरातल्या माणसांच्या तोंडाला लागणारी प्रत्येक वस्तू आतून चांदीसारखी दिसली पाहिजे, हा तिचा कायदा होता.

किसन मास्तर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचे. त्यांची बँड पार्टी होती. आर्णीपासून मारेगावापर्यंत त्यांनी किती वराती वाजवल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. त्यांचं स्वतःचं वाद्य म्हणजे मांडीवर लेकरू घ्यावं तसं घेऊन वाजवायचं एक मोठं पितळी धूड. नळ्यांची वेटोळी, मधोमध तीन खटके, आणि वर उघडणारं रुंद तोंड. शिकलेले लोक त्याला युफोनियम म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्याकडे तो मोठा भोंगा. कोण्या गोऱ्या पलटणीच्या बँडातून तो हात बदलत मास्तरांच्या वडिलांकडे आला होता. त्याच्या तोंडावर कोरलेली इंग्रजी अक्षरं घासून इतकी पुसट झाली होती की मी आठवीत असूनही मला ती वाचता येत नव्हती, आणि मास्तर मात्र दर वेळी म्हणत, "वाच बे, इंग्रजी शिकून राह्यला न तू?"

मास्तरांचे पुढचे दात पडले होते. भोंगा फुंकायला ओठांच्या मागे दातांचा आधार लागतो. तो गेला आणि भोंगा खोलीतल्या माळ्यावर गेला. पार्टीत आता नवी, हलकी वाद्यं आली होती. पण त्या वर्षी मास्तरांच्या मंदाचं लग्न ठरलं, माघातलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. मी शाळेच्या बँडात बिगुल वाजवायचो, तो त्यांनी झेंडावंदनाला ऐकला होता.

"श्रावण, छाती चांगली हाय तुही," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकायच्या मांडवात वाजवलं मी. आता माह्या दारात मांडव पडनार. मी पोरीचा बाप, मी हात जोडून उभा राहीन. पन भोंगा हाच वाजला पायजे. दुसरा नाई चालनार मले. वाजवशील?"

मी हो म्हणालो. त्या वयात माणूस नाही म्हणत नाही. मास्तरांनी भोंगा माळ्यावरून खाली घेतला आणि माझ्या हातात देण्याआधी धोतराच्या सोग्यानं पुसला. "पह्यले साफ कर. जो साफ करन त्यालेच वाजवता येते."

मग आमच्या अंगणात भोंग्याची आंघोळ सुरू झाली. रिठे उकळून, पाणी कोमट करून मोठ्या घंगाळात तो बुडवून ठेवायचा. गरम पाणी चालत नाही, मास्तर शेजारी बसून पाण्यात कोपर घालून बघायचे, जसं बाळाला न्हाऊ घालताना बघतात. सुतळीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची. पहिल्या ओढीला काळा चिखल आला, मग कुंभारमाशीचं मातीचं घर आलं, आणि मग अक्षता आल्या. जुन्या, पिवळ्या पडलेल्या, हळद उडालेल्या अक्षता, मूठभर तरी असतील, आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. उघडं तोंड आभाळाकडे, म्हणून लोकांनी नवरा-नवरीवर टाकलेल्या अक्षता त्यात पडत राहिल्या होत्या. मास्तरांनी त्या ओंजळीत घेतल्या आणि नुसत्या बघत राहिले. "कोनाकोनाचे लगन हायेत याच्यात," एवढंच म्हणाले, आणि त्या तुळशीत टाकल्या.

खटक्यांचं काम नाजूक होतं. प्रत्येक खटका म्हणजे एका नळकांड्यात वर-खाली होणारा दांडा, त्याच्याखाली स्प्रिंग, वर लोकरीची चकती. चकत्या कुजल्या होत्या, त्या आईच्या जुन्या घोंगडीतून कापल्या. तेल शिलाई मशीनचंच घालायचं. खोबरेल थंडीत थिजतं आणि खटका अडकतो, हे मास्तरांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते झोपेतही म्हणालो असतो. आजही दर महिन्याला मी ते तिन्ही खटके काढतो, पुसतो, तेल देतो. नातीनं मध्यंतरी मोबाईलवरून खास भोंग्याच्या तेलाची एक चिमुकली बाटली मागवून दिली. तेल चांगलं आहे, पण वास काही येत नाही. मला मशीनच्या तेलाच्या वासाशिवाय ते काम केल्यासारखं वाटत नाही.

बाबांना हा सगळा प्रकार पसंत नव्हता. बँडवाला म्हणजे लोकांच्या वरातीपुढे चालणारा माणूस, पंगत बसली की सगळ्यांच्या शेवटी जेवणारा. "पोट्ट्याले शिकवून राह्यलो मी ते काय याच्यासाठी? लोकायपुढे गाल फुगवत फिरनार काय हा?" असं ते आईला म्हणायचे, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. त्यात शेजारची म्हैस माझ्या सरावाच्या वेळी दूध चोरायला लागली. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडायच्या, "अवं कौसाबाई, तुमच्या पोराले सांगा, धार काढू द्या आधी!" बाबांच्या हातात आयतं कारण आलं. मंदाच्या लग्नापर्यंतच हे चालेल, त्यात काही वेडंवाकडं झालं तर भोंगा त्याच दिवशी परत, असं त्यांनी जाहीर केलं.

आत्या या वादात पडली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. संक्रांतीच्या आसपास एक दिवस मी सराव करून जेवायला बसलो. तिनं ताटात भाकर टाकली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. माझ्या ओठांभोवती एक हिरवट गोल वळं उमटलं होतं. भोंग्याची फुंकायची तोंडी जुनी, तिच्यावरचा मुलामा केव्हाच उडालेला. घाम आणि थुंकी लागून पितळेचा हिरवा रंग ओठांवर यायचा. बँडवाल्यांना त्याचं काही वाटत नाही.

"हे काय होय?" आत्यानं विचारलं.

"काई नाई. भोंग्याचं हाय. धुतलं का निघते."

पण तिनं भोंग्याजवळ जाऊन त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, आत बोट फिरवलं, आणि बोट पदराला पुसलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. खटके काढून, तेल देऊन, फडक्यात गुंडाळून परातीत ठेवले होते, हे नशीब. पुढचं संभाषण मला कादरभाईंनी नंतर अनेकदा ऐकवलं, दर वेळी हातवारे करून. आत्या एका काखेत गंज आणि दुसऱ्या काखेत भोंगा घेऊन त्यांच्या भट्टीपुढे उभी राहिली.

"बाई, ये तो बाजा है. बर्तन नै."

"पोरगा तोंड लावून राह्यला न त्याले?"

"हां, लगाता है."

"मंग बर्तनच झालं. आतून लाव कल्हई. आन ही तोंडी हाय न, हिले दोनदा लाव."

"बाई, मास्तर को पूछा क्या?"

"मास्तरले काय इचारायचं? त्याच्या दाताचं काय झालं पाह्यलं न?"

या युक्तिवादावर कादरभाईंनी आधी तोंडी उचलली. तोंडी झाली, चकाचक. मग त्यांनी भोंग्याचं रुंद तोंड निखाऱ्यांवर धरलं, भाता मारला, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत फिरली आणि कापसाच्या बोळ्यानं पुसताच पिवळं पितळ आतून चांदीसारखं झळाळलं. आत्याच्या तोंडावर समाधान पसरलं. तेवढ्यात भोंग्यानं एक सुस्कारा टाकला, असं कादरभाई सांगायचे, आणि त्याचे दोन तुकडे झाले.

कारण साधं होतं. भांडं अखंड असतं. भोंगा म्हणजे नळ्यांना नळ्या जोडून, शिशा-कथलाचे डाग देऊन एकत्र धरलेला. कल्हईला जेवढी आच लागते, तिच्या आधीच ते डाग वितळतात. तोंडाकडचा भाग कादरभाईंच्या सांडशीत राहिला, आणि वेटोळी व खटक्यांची नळकांडी खाली दगडावर आपटली. मी शाळेतून आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बाया जमल्या होत्या. मधोमध आत्या मातीत बसली होती, मांडीवर पोचा पडलेली वेटोळी घेऊन. कादरभाई तिच्यासमोर उकिडवे बसून आपल्याच कपाळाला हात लावत होते.

लग्नाला आता थोडेच दिवस उरले होते, आणि दुसरा भोंगा मास्तरांना चालणार नव्हता. आत्यानं मान वर केली. "रडू नको," ती म्हणाली, मी रडत नसतानाच. "मी जातो मास्तरकडे. तू तो दुसरा तुकडा धर."

मी आजवर पुष्कळ लोकांना आपल्या हातून झालेलं सांगताना पाहिलं आहे. इतकं सरळ सांगताना आत्यासारखं कोणालाच नाही. तिनं मास्तरांच्या ओट्यावर दोन्ही तुकडे ठेवले आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मास्तर, तुमचा भोंगा मी आगीत घातला. पोराच्या ओठाले हिरवं लागलं, मले भेव वाटलं. आता काय कराचं ते सांगा. मी करतो."

मास्तरांनी तुटलेली कड चाचपली, मग तोंडाकडचा भाग उचलून आत पाहिलं. आत त्यांचा चेहरा दिसत होता.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हा भोंगा पान्यात पडला, चिखलात पडला, एका वरातीत घोड्यानं याच्यावर पाय देल्ला. पन कल्हई याले आजपर्यंत कोनं लावली नोती." आणि ते हसले. दात नसलेलं, हवा सुटणारं हसू. मग एकदम गंभीर झाले. "पन वाजन का आता? मले नाई वाटत."

"वाजन," आत्या म्हणाली. तिला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, हे मी पूर्ण विचार करून लिहितो. आमच्या अंगणातल्या निंबाखाली कादरभाईंची भट्टी आली. भाता आत्यानं कोणाला हात लावू दिला नाही. मास्तर बाजेवर बसून हुकूम सोडायचे, कादरभाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. झाल लावून जोड देताना आच कमी हवी की जास्त यावरून दोघांत रोज खडाजंगी.

"मास्तर, चालीस साल से झाल दे रहा हूं मैं."

"गंजाले देल्ली असन. गंज वाजवा लागत नाई!"

पहिला जोड दिला आणि निवल्यावर पाहिलं तर भोंग्याचं तोंड वाकडं बसलेलं. म्हणजे मी वाजवायला घेतला तर सूर माझ्याच कानात जाणार. कादरभाई म्हणाले, लडका जरा गर्दन टेढी करेगा. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. पुन्हा तापवला, पुन्हा सुटा केला, पुन्हा जोडला. त्या भांडणात आत्या मध्येच दोघांपुढे चहाच्या बश्या ठेवायची. बशी तोंडाला लागली की दोघंही गप्प व्हायचे.

उरला होता तो पोचा. दगडावर आपटलेल्या वेटोळ्यात नळी आत दबली होती आणि तिथे ठोकायला बाहेरून हात पोचत नव्हता. मास्तर म्हणाले, हे शहरातच निघेल, आणि शहरात पाठवायला वेळ नाही. सगळे हात गुडघ्यांत घालून बसले होते. बाबा नुकतेच जिनिंगमधून आले होते. ते आतापर्यंत या कामाकडे पाठ करून हात-पाय धुवायचे आणि आत जायचे. त्या दिवशी ते थांबले, नळी हातात घेतली, तिच्यात एक डोळा मिटून पाहिलं आणि तसेच परत जिनिंगकडे गेले. आले तेव्हा खिशात जुन्या बेअरिंगमधल्या लोखंडी गोळ्या होत्या, लहान-मोठ्या.

"धर," ते मला म्हणाले. आधी नळीत मावेल अशी लहान गोळी त्यांनी आत सोडली आणि भोंगा दोन्ही हातांनी धरून हळूहळू हलवायला लागले. गोळी आतून पोच्यावर ठक ठक आपटायची. मग तिच्याहून जरा मोठी. मग तिच्याहून मोठी. नळी आतून इवली इवली वर येत गेली. बाबांना घाम फुटला, पण ते भोंगा कोणाला देईनात. आई दारात उभी राहून पदरात हसत होती. संध्याकाळपर्यंत पोचा बोटाला जेमतेम लागेल एवढाच राहिला, आणि बाबा मास्तरांच्या शेजारी बाजेवर बसून, यंत्र तापलं की पुली कशी सरकते, ते त्यांना समजावून सांगत होते. माझ्या शिक्षणाच्या आड भोंगा येतो, हे वाक्य त्यानंतर मी बाबांच्या तोंडून ऐकलं नाही. भोंगा मास्तरांनी माझ्याकडेच राहू दिला. पुढे कॉलेजच्या वर्षांत मी तो लग्नसराईत वाजवायचो, त्यावर माझी पुस्तकं आणि खोली निघायची, आणि सुटीत घरी आलो की बाबा आधी भोंग्याचे खटके दाबून पाहायचे, मग माझे निकाल विचारायचे. आत्यानं तो आगीत घातला नसता तर बाबा कधीच त्याला हात लावते ना, आणि लग्न आटोपताच तो परत गेला असता. मी तिचं नाव का घेतो, ते आता कळलं असेल.

पण भोंगा वाजेल की नाही ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. शेवटचा जोड निवायचा होता, आणि त्याच दिवशी शोभाताईच्या सासरहून, मारेगावहून, निरोप आला की तिचे दिवस भरत आले आहेत, दुसरी खेप, सासूची तब्येत बरी नाही, आत्यानं लगेच यावं. आत्यानं भाता खाली ठेवला, हात धुतले, मेथीचे लाडू फडक्यात बांधले. एसटी स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. ती खिडकीशी बसली आणि गाडी सुरू होता होता म्हणाली, "वाजला का नाई ते मले लिहिजो. नाई वाजला तं तसं लिहिजो. मले खोटं गोड लिहू नको. समजलं?"

लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला पत्र लिहिलं. आत्याला वाचता येत नव्हतं, शोभाताई चौथीपर्यंत शिकलेली, ती वाचून दाखवणार हे धरूनच लिहिलं. शोभाताईनं ते इतकी वर्षं जपलं. आत्या गेल्यावर तिनं ते मला दिलं. माझं तेव्हाचं शुद्धलेखन जरासं सुधारून, पण एक शब्द न बदलता ते इथे देतो.

ती. आत्यास,

श्रावणचा नमस्कार. पत्र कसं सुरू करायचं ते सरांनी शिकवलं आहे, पण तू पहिले वाजला का नाही तेच विचारशील, म्हणून पहिले तेच लिहितो. वाजला. शोभाताई, हे पुन्हा एकदा मोठ्यानं वाच. वाजला.

पण लगेच नाही वाजला. तू गेल्यावर संध्याकाळी फुंकून पाहिला तर नुसती हवा. शेजारच्या काकूंची म्हैस वळूनही पाहेना. मास्तर म्हणाले, कुठूनतरी गळून राह्यला. मग त्यांनी बिडी पेटवली, धूर तोंडात घेतला आणि भोंग्यात सोडला. मी वरचं तोंड उशीनं दाबून धरलं. तर खटक्याच्या मागच्या जोडातून धुराची बारीक रेघ निघाली. कादरभाई म्हणाले ती जागा मास्तरांनीच घाई करून लावायला सांगितली होती. मास्तर म्हणाले नाही. पुन्हा भांडण. भाता मारायला तू नव्हतीस म्हणून बाबांनी मारला. ते फार जोरात मारतात. कादरभाई म्हणाले, बाई का हाथ अच्छा था.

मग वाजला. आवाज पहिल्यापेक्षा जरा मऊ झाला आहे. मास्तरांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले की पितळ तापून नरम पडलं म्हणून असेल. मी विचारलं, बिघडला का? ते म्हणाले, "नाई बे. आता लगनाचा वाटते. आधी पलटनीचा वाटत होता." आणि आत्या, तोंडीला लावलेल्या कल्हईनं ओठाला हिरवं लागत नाही. मास्तर म्हणाले, हे मात्र बाईनं आधीच कराले पाहिजे होतं. आता पार्टीतले दोघं जण आपापल्या तोंड्या घेऊन कादरभाईंकडे जाऊन आले.

लग्न काल झालं. मांडवात थंडी होती, खटके जरा जड चालत होते. बाबा खिशात तेलाची कुपी घेऊन माझ्या मागे उभे होते. ते वरातीतही माझ्याबरोबर चालले, सगळ्या गावापुढून. मी काही बोललो नाही. तूही काही बोलू नकोस, नाहीतर ते बंद करतील. मंगलाष्टकं संपली आणि मी फुंकलं. पहिला सूर बरोबर लागला. अंतरपाट बाजूला होताच मंदाताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तिला भटजी रागावले. मास्तरांनी पाहिलं नाही. ते हात जोडून उभे होते, जसं पोरीच्या बापानं राहायचं तसं. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं की नाही.

मग व्याहीभेट झाली. आम्ही तेव्हा वाजवतच होतो. मास्तरांनी व्याह्यांना मिठी मारली. ती काही सुटेना. सगळ्यांना वाटलं ते रडून राह्यले. व्याही बिचारे अवघडून उभे. शेवटी व्याही मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, माह्या पाठीवर काय वाजवून राह्यले बाप्पा?" मी पाहिलं. मास्तरांच्या उजव्या हाताची तीन बोटं व्याह्यांच्या कोटावर माझ्या सुरांबरोबर खाली-वर होत होती. सगळा मांडव हसला. मास्तरही हसले, पण त्यांनी मिठी सोडली नाही आणि बोटं थांबवली नाहीत. एका जागी मी चुकलो. ते नाही चुकले. मग मी व्याह्यांच्या पाठीकडे पाहूनच पुढची चाल वाजवली, शेवटपर्यंत.

तुझा,
श्रावण